तार, दार, धार

दुसरी-तिसरीच्या श्रुतलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या बाईंना हे नवीन नसते. सांगितले 'दार', वहीत उतरले 'तार'. सांगितले 'धार', उतरले 'दार'. 'फळ'चे 'पळ' होते, 'घार'ची 'गार' होते. चुकलेल्या शब्दांभोवती लाल शाईची वर्तुळे पडतात, खाली 'लक्ष देऊन ऐक' असा शेरा येतो आणि वही घरी जाते. घरचे मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेतात. ऑडिओग्राम निघतो, दोन्ही कान उत्तम. मग मूल आळशी ठरते, नाहीतर मठ्ठ. वाचनाचा तास आला की तेच मूल पाणी प्यायला बाहेर जाऊ का, असे विचारू लागते, आणि तोवर कोणालाच कळलेले नसते की अडचण नेमकी कुठे आहे: डोळ्यात, कानात, की कान आणि अक्षर यांच्या मधल्या वाटेवर.

ही प्रस्तावना त्या मधल्या वाटेविषयी आहे. ऐकलेल्या आवाजाचे मेंदूत जे होते त्यातला बिघाड आणि डिस्लेक्सिया यांचे नाते काय, हा प्रश्न पन्नासएक वर्षे संशोधकांना भांडायला पुरला आहे. भांडण पूर्ण मिटलेले नाही. पण पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल एवढे त्यातून निश्चित हाती लागले आहे.

आधी त्या तीन शब्दांकडे पाहू. तार, दार आणि धार म्हणताना जीभ एकाच जागी, वरच्या दातांमागे टेकते. फरक पाडतो तो स्वरतंतूंचा कंप आणि सोबतचा श्वास. 'द' म्हणताना जीभ सुटण्याआधीच कंप सुरू झालेला असतो. 'त' म्हणताना तो जीभ सुटल्यावर लगेच सुरू होतो आणि 'थ' म्हणताना हवेचा झोत निघून गेल्यावर, किंचित उशिराने. हा उशीर मिलिसेकंदांत मोजायचा. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या लिस्कर आणि एब्रमसन या दोघांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतली अशी मोजमापे प्रसिद्ध केली. त्या अकरांत मराठी होती. बहुतेक भाषांतली व्यंजने या एका मापाने नीट वेगळी झाली; हिंदी-मराठीतल्या घ, ध, भ यांनी मात्र त्याला दाद दिली नाही, कारण तिथे कंपही आहे आणि श्वासही. इंग्रजी मुलाला एका जागेवरचे दोन आवाज वेगळे ओळखावे लागतात, मराठी मुलाला चार. क-ख-ग-घ ही ओळ आपण अंगणवाडीत घोकून पाठ करतो, पण ती कानाकडून किती बारीक काम मागते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ऑडिओग्राम हे काम तपासत नाही. तो विचारतो एवढेच, की अमुक पट्टीतला सूर किती मंद असताना तुला ऐकू येतो? शांत खोलीत, एका वेळी एक शुद्ध सूर. वर्गात असे सूर नसतात. तिथे बाईंचे बोलणे असते, डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर रिक्षा आणि शेजारच्या वर्गात पाढे. या गोंधळातून बोलणे निवडणे, दोन कानांवर आलेल्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, एकामागोमाग आलेल्या आवाजांचा क्रम लावणे, दोन आवाजांमधली छोटी फट ओळखणे ही कामे कानाच्या पुढची, कानाच्या मज्जातंतूपासून मेंदूच्या बाह्यकापर्यंतची आहेत. कान चांगला असून ही कामे नीट होत नसतील तर श्रवणतज्ज्ञ त्याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, थोडक्यात एपीडी म्हणतात.

या कल्पनेचा उगम लहान मुलांमध्ये झालेला नाही. १९५४ मध्ये इटलीत बोक्का, कालेआरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेले रुग्ण तपासले. साध्या चाचणीत या रुग्णांचे कान ठीक ठरत, पण मुद्दाम बिघडवलेले, काही पट्ट्या गाळलेले बोलणे ऐकवले की गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ते अडखळत. त्याच वर्षी अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांचे मुलांच्या श्रवणदोषांवरचे पुस्तक आले आणि कान शाबूत असूनही ऐकण्यात अडचण असू शकते, ही गोष्ट मुलांच्या बाबतीत बोलली जाऊ लागली. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत वापरली. तिचेच वंशज आजही श्रवणतज्ज्ञांच्या खोलीत दिसतात: उजव्या कानात दोन आकडे, डाव्या कानात दुसरे दोन, आणि मुलाने चारही सांगायचे.

डिस्लेक्सियाची गोष्ट याहून जुनी आणि ती सुरू झाली डोळ्यापासून. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा हुशार, खेळात मागे नाही, पण वाचता येईना. स्वतःचे नाव लिहितानाही त्याने अक्षरांची उलटापालट केली आणि ती त्याच्या लक्षातही आली नाही. त्याच्या शिक्षकांचे मत असे होते, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. डॉक्टरांनी आजाराला नाव दिले जन्मजात शब्दांधत्व. पुढची कित्येक दशके हा विषय नेत्रतज्ज्ञांच्या ताब्यात राहिला. आपल्याकडे २००७ च्या 'तारे जमीन पर'ने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला आणि हजारो पालकांची नजर बदलली. त्या चित्रपटाचे ते ऋण मोठे आहे. पण पडद्यावर नाचणारी अक्षरे लोकांच्या डोक्यात अशी पक्की बसली, की आजही अनेक पालक मुलाला विचारतात, 'तुला अक्षरे हलताना दिसतात का?' मूल नाही म्हणते, आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. तो अकाली असतो.

कारण १९७० च्या दशकात विषयाने कूस बदलली, आणि गंमत म्हणजे ती त्याच हॅस्किन्स प्रयोगशाळेत, जिथे मराठी व्यंजनांचे मिलिसेकंद मोजले गेले होते. इसाबेल लिबरमन आणि डोनाल्ड शँकवायलर यांच्या गटाने १९७४ मध्ये लहान मुलांना एक लाकडी काठी दिली आणि शब्दात जितके तुकडे ऐकू येतील तितक्या वेळा टेबलावर ठोकायला सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दातले अवयव, म्हणजे साधारण आपल्या 'क-म-ळ'सारखे तुकडे मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. सहाव्या वर्षी, शाळेत वाचायला लागल्यावर, ध्वनी मोजणारी मुले ७० टक्क्यांवर गेली. बोलणे सलग वाहते. त्यात ध्वनींचे सुटे मणी असतात हे कानाला आपोआप कळत नाही. ते वाचनाबरोबर कळते, आणि ज्यांना ते कळणे अवघड जाते त्यांचे वाचन अडते. पुढे १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी आवाज ओळखण्यात कच्च्या असलेल्या मुलांचे गट करून दोन वर्षांत चाळीस सत्रांत शिकवले. फक्त आवाजांचे खेळ घेतलेल्या मुलांपेक्षा आवाज आणि प्लास्टिकची अक्षरे एकत्र शिकलेली मुले पुढे गेली. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

मग प्रश्न आला: ध्वनी सुटे करण्यातली ही अडचण मुळात ऐकण्याची आहे का? पॉला तल्लाल यांनी १९८० मध्ये त्याला ठाम 'हो' म्हटले. त्यांनी वाचनात मागे असलेल्या मुलांना दोन सूर ऐकवले, एक वरच्या पट्टीतला, एक खालच्या, आणि क्रम सांगायला लावला. सुरांमध्ये पुरेसे अंतर असेल तर मुले बरोबर सांगत; अंतर कमी केले की त्यांतली काही गडबडत. तल्लाल यांचा तर्क सरळ होता. 'बा' आणि 'डा' यांतला फरक सुरुवातीच्या सुमारे चाळीस मिलिसेकंदांत असतो. वेगाने बदलणारा आवाज ज्या मेंदूला पकडता येत नाही, त्याला बा-डा पकडता येणार नाहीत. मग अक्षर आणि आवाजाची गाठ तरी कशी बसणार?

तर्क इतका सुबक होता की त्याचा व्यवसाय झाला. १९९६ मध्ये तल्लाल आणि मायकेल मर्झेनिच यांनी 'सायन्स' नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले, आणि आवाज ताणून, संथ करून ऐकवणारे संगणकीय खेळ 'फास्ट फॉरवर्ड' या नावाने बाजारात आले. शाळांनी पैसे मोजले, पालकांनी मोजले. २०११ मध्ये स्ट्राँग, टॉर्गर्सन, ह्यूम आदींनी त्याच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला की वाचन किंवा भाषा सुधारते याला पुरावा नाही.

तर्काला सुरुंग आधीच लागला होता. १९९७ मध्ये मारिया मोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की वाचनात कच्ची मुले बा-डा या जोडीत चुकतात, पण बा-सा किंवा डा-शा यांसारख्या एकमेकांपासून दूरच्या जोड्या तितक्याच वेगाने ऐकवल्या तर नीट ओळखतात. बा-डासारखेच बदलणारे पण बोलण्यासारखे न वाटणारे आवाज दिले तर इतर मुलांपेक्षा मागे पडत नाहीत. म्हणजे वेगाला दोष देता येत नाही. सारख्या वाटणाऱ्या उच्चारांत गफलत होते. २००३ मध्ये लंडनमध्ये फ्रांक रामुस, स्टुअर्ट रोझेन, उटा फ्रिथ यांच्या गटाने डिस्लेक्सिया असलेल्या सोळा विद्यापीठीय विद्यार्थ्यांना सर्व बाजूंनी तपासले. ध्वनी हाताळण्याची अडचण सोळाही जणांत सापडली. ऐकण्याची अडचण दहा जणांत. हालचालीची चौघांत, दृष्टीच्या एका विशिष्ट प्रक्रियेची दोघांत. सोळा आणि दहा हे आकडे या साऱ्या वादाचे सार आहेत. ऐकण्याची अडचण डिस्लेक्सियाच्या शेजारी वारंवार दिसते, पण सहा जणांना तिच्यावाचूनही डिस्लेक्सिया झालेला असतो.

कान अडचणीचा भाग आहे, पण त्याला एकट्याला कारण ठरवता येत नाही. हे मान्य करून पुढचे काम जास्त बारकाईने झाले. केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी २००२ पासून मिलिसेकंदांऐवजी बोलण्याच्या लयीकडे पाहिले. प्रत्येक अवयवाच्या आरंभी आवाज किती झपाट्याने चढतो, हे डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ओळखायला जड जाते, असे त्यांना इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी या तिन्ही भाषांत आढळले. या भाषा आणि त्यांच्या लेखनपद्धती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत, म्हणूनच हे निरीक्षण दमदार आहे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्रॉस यांच्या प्रयोगशाळेने मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून 'दा' हा एकच उच्चार पुन्हापुन्हा ऐकवला आणि मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद नोंदवला. कच्च्या वाचकांत हा प्रतिसाद दर वेळी थोडा वेगळा येतो, असे त्यांनी २०१३ मध्ये मांडले. त्याच गटाने त्याआधी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना शाळेचे एक वर्ष कानाला छोटे रिसीव्हर दिले; शिक्षकाच्या माइकमधून आवाज थेट त्यांच्या कानात. वर्षाअखेरीस प्रतिसाद स्थिरावला आणि ध्वनी सुटे करण्याची क्षमता व वाचनही सुधारले. हा प्रयोग छोटा होता, त्यावर फार मोठा इमला उभा करू नये. तरी त्यात वर्ग नीट ऐकू येण्याची किंमत दिसते. जागतिक आरोग्य संघटना वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असे सांगते. रस्त्याकडेच्या, पत्र्याच्या छताच्या, पन्नास मुलांच्या वर्गात ते मोजायला कोणी गेले तर काय निघेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरीकडे एपीडी या निदानावरच काही तज्ज्ञ शंका घेतात, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर यांच्या गटाने २०१० मध्ये सहा ते अकरा वयाची, चांगले ऐकू येणारी १,४६९ मुले तपासली. ऐकण्याच्या चाचण्यांतले गुण त्या चाचण्यांच्या मूळ कामापेक्षा मुलाच्या अवधानाशी जास्त जुळत होते. हेडफोन लावून अर्धा तास 'कोणता आवाज वेगळा?' याचे उत्तर देताना कंटाळलेले मूल एपीडीचे ठरू शकते. मृदुला शर्मा, सुझान पर्डी आणि अँड्रिया केली यांनी २००९ मध्ये एपीडीचा संशय असलेली ६८ मुले पाहिली. त्यांतल्या ४७ टक्क्यांत ऐकणे, भाषा आणि वाचन या तिन्हींत अडचण होती. फक्त ऐकण्याची अडचण असलेले मूल विरळा. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या खोलीतून मुलाला एक नाव देतो: श्रवणतज्ज्ञाकडे एपीडी, मानसशास्त्रज्ञाकडे डिस्लेक्सिया, बालरोगतज्ज्ञाकडे एडीएचडी, म्हणजे अवधानदोष. मूल मात्र एकच असते आणि तिन्ही फायली पिशवीत घालून फिरते.

नात्याची आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. १९७९ मध्ये जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालच्या ग्रामीण भागातल्या निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी काढून उरलेला उच्चार सांगायला लावला. निरक्षरांना ते जवळपास जमले नाही; त्याच भागातल्या, मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांना बऱ्यापैकी जमले. कान वाचनाला घडवतो, तसे वाचनही कानाला घडवते. म्हणून आठ वर्षांच्या न वाचणाऱ्या मुलाची ध्वनीची चाचणी कच्ची निघाली, तर ते वाचता न येण्याचे कारण आहे की परिणाम, हे एका चाचणीवरून ठरत नाही. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाने म्हणूनच डिस्लेक्सियाचा वारसा असलेल्या घरांतल्या बाळांचा मागोवा जन्मापासून घेतला. आवाजाला बाळाचा मेंदू देत असलेला प्रतिसाद आणि पुढे शाळेतले वाचन यांत दुवा आढळला. त्या प्रकल्पातून निघालेला 'ग्राफोगेम' हा खेळ मुलाला आवाज ऐकवतो आणि त्याच क्षणी त्याचे अक्षर निवडायला लावतो. आवाज आणि अक्षर बरोबरच, ब्रॅडली-ब्रायंट यांच्या प्लास्टिकच्या अक्षरांसारखे.

मराठीत हे सारे थोडे वेगळ्या तऱ्हेने घडते. देवनागरीचे अक्षर म्हणजे सुटा ध्वनी नव्हे. 'कि'मध्ये व्यंजन आणि स्वर एकत्र बसतात, आणि तेही उलट क्रमाने, वेलांटी आधी. इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरे शिकायची, आपल्याला बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून शेकडो. सोनाली नाग यांनी बेंगळुरूत कन्नड शिकणाऱ्या मुलांवर २००७ मध्ये केलेल्या कामात दिसले, की अक्षरे शिकण्याचे काम चौथीपर्यंत लांबते आणि सुटे ध्वनी ओळखण्याची जाण उशिरा येते. मराठीच्या लिपीची रचना त्याच कुळातली. त्यात आपल्या खास खोडी: 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च एकाच चिन्हाने लिहायचे, 'बाल' आणि 'बाळ', 'मन' आणि 'मण' यांत लिपी फरक करते, पण मुलाच्या घरच्या बोलीत तो नसला तर कानाने तो कुठून आणावा? विदर्भातले किंवा आदिवासी पाड्यावरचे मूल श्रुतलेखनात 'न' आणि 'ण' घोटाळते तेव्हा आधी बोलीकडे पाहावे, मग डिस्लेक्सियाकडे. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मराठी घरच्या मुलाचे तर आणखी बिकट. त्याची चाचणी इंग्रजीत घेतली तर ती वाचनाची होते की इंग्रजीची, हे सांगणे कठीण. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'डाली' या चाचणीसंचात म्हणूनच हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. ऐकण्याच्या बाजूने म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्श्रवण संस्थेतल्या आशा यतिराज यांनी शिक्षकांसाठी बारा प्रश्नांची यादी बनवली; सहा किंवा अधिक प्रश्नांना 'हो' आले तर मुलाला पुढच्या तपासणीला पाठवायचे. एवढी यादी कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत मधल्या सुट्टीत भरता येते.

कायद्यात या दोन अडचणींचे स्थान सारखे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सियाचे नाव आहे. महाराष्ट्राने परीक्षेतल्या सवलती तर त्याच्याही बऱ्याच आधी, नव्वदच्या दशकातच देऊ केल्या; महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही १९९६ पासून मुंबईत काम करते आहे. एपीडीचे नाव मात्र कायद्यात नाही. श्रवणदोषाची अट दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या घटीपासून सुरू होते. ऑडिओग्राम चांगला असलेले मूल तिच्या जवळपासही पोहोचत नाही. वर्गातले बोलणे ज्याला निसटते, त्याला जादा वेळ मिळवायचा तर वाचनाच्या प्रमाणपत्राचीच वाट धरावी लागते.

आता पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे? प्रथम साधी श्रवणचाचणी, आणि तीही गृहीत न धरता. वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साचणाऱ्या मुलाला महिन्यातले काही दिवस कमी ऐकू येते आणि तपासणीच्या दिवशी सगळे ठीक निघू शकते. ती झाल्यावर भाषा आणि वाचन यांची तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत. एपीडीच्या बहुतेक चाचण्या सात वर्षांनंतरच भरवशाच्या ठरतात, म्हणून पहिलीतल्या मुलावर तो शिक्का कोणी मारत असेल तर दुसरे मत घ्यावे. हेडफोन लावून कान 'दुरुस्त' करणाऱ्या महागड्या कार्यक्रमांना, त्यांच्या जाहिरातीत मेंदूचे चित्र कितीही रंगीत असले तरी, पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: याने वाचन सुधारल्याचा स्वतंत्र पुरावा कुठे आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे, वाचन शिकवण्यासाठी कुठल्याही अहवालाची वाट पाहू नये. अहवाल यायला महिने लागतात. सरकारी रुग्णालयात त्याहून जास्त. तोवर मुलाला पुढच्या बाकावर, पंख्यापासून आणि दारापासून दूर बसवता येते. श्रुतलेखनाचा शब्द तोंड दिसेल असा, दोनदा म्हणता येतो. दार-धार, पळ-फळ, गार-घार या जोड्या ओठांपुढे तळहात धरून श्वास जाणवत म्हणता येतात आणि म्हणताना लगेच लिहिता येतात. निदान डिस्लेक्सिया निघो, एपीडी निघो, दोन्ही निघोत वा एकही न निघो, यातले काहीच वाया जात नाही. हे काम सोमवारपासूनच सुरू करावे, एवढीच शिक्षकांना विनंती.